कोजागरीला गच्चीवर पाहिलेली वाळवंटी डोंगरांची फिल्म : नाव सुचवा

सुरसागरकाठी

मंडळी, एक काम आहे. माझ्या भाच्यानं (बहिणीचा धाकटा, इथंच बडोद्याला फाइन आर्ट्सला शिकला, आता कॅमेरा घेऊन देशोदेशी हिंडतो) ५२ मिनिटांची फिल्म केली आहे. चित्रण झालं, संकलनही जवळपास झालं, नाव मात्र ठरत नाहीये. घरातल्या आठ जणांनी अठरा नावं सुचवली आणि त्यावरून दोघांनी अबोला धरला आहे. म्हणून धागा काढतोय.

फिल्म पाहिली कोजागरीला, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर. कपडे वाळत घालायच्या दोरीवर पांढरी चादर, प्रोजेक्टर शेजाऱ्यांचा, मसाला दूध आमच्याकडचं. चंद्र इतका लख्ख की पहिली दहा मिनिटं पडद्यावर काय चाललंय ते कोणालाच कळेना. कोजागरीला उघड्यावर सिनेमा दाखवायची अक्कल ज्यानं लढवली त्यानं, म्हणजे मीच, खाली मान घालून बदाम सोलत बसणं पसंत केलं. शेवटी चादर जिन्याच्या खोलीच्या सावलीत हलवली आणि सुरुवातीपासून पुन्हा लावली.

विषय जॉर्डनच्या वादी रममधले डोंगर आणि ते चढणारे वाटाडे. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टेकड्या येतात, वाऱ्यानं रेघा उमटलेल्या. इथं तसं नाही. सपाट लाल वाळू आणि तिच्यातून थेट वर आलेल्या उभ्या कातळभिंती, मधे उतार असा नाहीच. जेबेल रम समुद्रसपाटीपासून १७५४ मीटर, पायथ्याच्या गावापासून मोजला तरी ८०० मीटरचा कडा. बरीच वर्षं तोच जॉर्डनचा सर्वांत उंच डोंगर मानला जायचा. खरा उंच म्हणजे उम्म अद-दामी, १८५४ मीटर, तो दक्षिणेला सौदीच्या सीमेजवळ आहे.

फिल्ममध्ये तीन वाटाडे. दोघे तिथलेच बेदुइन (वाळवंटातले भटके अरब), नात्यानं मेहुणे. तिसरा मनालीचा. त्या मनालीवाल्याचा जन्म बर्फात गेलेला, हा माणूस पहिल्या दिवशी वाळूतून चालताना दर दहा पावलांना बूट काढून झटकतोय. थोरला मेहुणा त्याच्याकडे बघतो, स्वतःच्या चपला काढतो, कमरेच्या पट्ट्यात खोचतो आणि चालू लागतो. नऊ रात्री अनवाणी गरबा खेळून आमच्या गच्चीवरच्या निम्म्या तळपायांची चाळण झालेली होती, त्यामुळे या प्रसंगाला भरपूर दाद मिळाली.

मला सगळ्यात आवडलेला तुकडा सांगतो. थोरला कातळाशी पोचतो. वर हात घालायच्या आधी बोटांच्या पेरांनी खडक वाजवतो. टक्. टक्. मग डावीकडे, पुन्हा टक्. एका ठिकाणी आवाज बदलतो, भदभद येतो. तिथं तो हात घालत नाही. आमच्या आई म्हणाल्या, "अगोबाई, हा तर माठ घेतोय." खरंच, उन्हाळ्याच्या तोंडावर बायका माठ वाजवून घेतात, अगदी तसंच. कॅमेरा त्या हातावर किती वेळ थांबलाय! नखात लाल वाळू, अंगठ्याला जुनी भेग. मनालीवाला मागे उभा राहून ते ऐकतो आणि मग स्वतः वाजवून बघतो. त्याला फरक कळत नाही. दुसऱ्या दिवशी कळतो. त्याच्या तोंडावरचा तो आनंद बघाच.

शेवट इथं लिहितोय, ज्यांना आधी कळायला नको त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

फिल्म माथ्यावर पोचत नाही. आदल्या रात्री पाऊस झालेला असतो, आपल्याकडे पूजेला पाणी शिंपडतात तेवढाच. सकाळी ऊन पडतं, कातळ वरून कोरडा ठणठणीत. माथ्याचा गोल घुमट दिसतोय, दोन दोर लावले की संपलं. थोरला कातळातल्या एका खळग्यात हात घालतो, बाहेर काढतो आणि तळवा कॅमेऱ्यासमोर धरतो. तळव्याला ओली वाळू चिकटलेली. एक शब्द नाही. तो उतरायला लागतो. मनालीवाला थोडा वेळ वर बघत राहतो आणि मग दोर गुंडाळायला घेतो. तेवढ्यात आमच्या गच्चीवरून आवाज आला, "अरे, मग आता काय?" आता काही नाही, फिल्म संपली.

दोन तक्रारीही नोंदवतो, भाचा असला म्हणून काय झालं. ड्रोनचे तुकडे फार. आणि ते बासरीचं पार्श्वसंगीत कशाला? वाऱ्याचा आवाज पुरेसा होता.

तर, नावं येऊ द्या. घरातून आलेली प्रमुख नावं : 'लाल कातळ', 'अनवाणी', 'वाळूतला सह्याद्री' (हे माझ्या मेहुण्यांचं, त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही).

चंपानेरी

वा काका! फिल्म पाहिली नाही, पण वाचून हात शिवशिवले.

१९८८ साली अबूला प्रस्तरारोहणाचं शिक्षण घेतलं होतं, बडोद्याहून आम्ही सात जण गेलो होतो. गुजरातच्या मुलांना कातळ म्हणजे अबू, दुसरं काय आहे आपल्याकडे? पावागढ आहे, पण तिथं देवीच्या पायऱ्या आणि रोपवे. अबूला ग्रॅनाइट. खरखरीत, तळपायाला धरून ठेवणारा. तो वाजवायची गरज पडत नाही, तरी आमचे सर सैल कपचा वाजवून दाखवायचे. पोकळ आवाज आला की तो 'होल्ड' (हाताच्या पकडीची जागा) विसरायचा, कितीही हाताशी असू दे.

परतण्याबद्दल मात्र बोलायचा हक्क मला आहे, कारण मी परतलो नव्हतो. रॅपलिंग करून, म्हणजे दोरावरून उतरत, खाली आलो, दोर ओढला, तो वर भेगेत अडकला. सर म्हणाले, सोड, उद्या दुसऱ्या बाजूनं जाऊन काढू. मी ऐकलं नाही. अडकलेल्या त्याच दोराला धरून वर निघालो. वीसेक फूट गेलो आणि दोर सुटला. नशिबानं खाली झुडूप होतं. मनगट मोडलं, त्याहून वाईट म्हणजे सर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चूक शंभर टक्के माझी. आजही पावसाळ्यात मनगट दुखलं की तो दोर आठवतो.

मला विचाराल तर नाव 'दोर'.

स्पष्टवक्ता_वाडी

मी त्या गच्चीवर होतो, म्हणून हक्कानं लिहितो. दूध उत्तम होतं. फिल्म लांबली आहे. एक माणूस दगड वाजवतो हे एकदा दाखवलं, समजलं. चार वेळा कशाला? आणि माथ्यावर न पोचणाऱ्या डोंगराच्या फिल्मला काय म्हणायचं? वऱ्हाड निघालं, नवरदेव दारापर्यंत गेला आणि हात धुऊन परत आला, असला प्रकार. निदान दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन चढून तरी यायचं! कातळ वरून कोरडा दिसत होता, सगळ्यांनी पाहिलाय.

बेसाल्टी

स्पष्टवक्ते, इथेच तर गंमत आहे. भूशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवली, तेव्हा थोडं रटाळ लिहिणारच, सहन करा.

वादी रमचा कातळ म्हणजे वालुकाश्म, कँब्रियन काळातला, ५० कोटी वर्षांच्या घरातला. वाळूचे कण एकमेकांना चिकटवून ठेवणारा लुकण फार पातळ असतो. पाऊस पडला की पाणी कणाकणांमधून आत शिरतं. वरचा थर उन्हानं तासाभरात वाळतो आणि आतला ओलाच राहतो. ओल्या वालुकाश्माची ताकद कोरड्याच्या मानानं बरीच घटते. म्हणजे बोटांच्या जोरावर अंग तोलून धराल आणि तो होल्ड बिस्किटासारखा हातात येईल. चहात बुडवलेलं पारले वरून कोरडं दिसलं म्हणून कोणी त्याला लटकत नाही. जगभरातले प्रस्तरारोही पावसानंतर वालुकाश्माला दोन-तीन दिवस हात लावत नाहीत, ते उगाच नाही. खळग्यात हात घालून वाळू बघणं ही अगदी नेमकी परीक्षा आहे. मी विद्यार्थ्यांना हेच उपकरणं लावून दाखवत असे.

आणखी एक, फिल्ममध्ये पाण्याचे झरे दाखवले आहेत का? जेबेल रमच्या पूर्व अंगाला कातळाच्या पोटात झरे आहेत. वालुकाश्म पाणी पितो, ते झिरपत खाली येतं, खाली ग्रॅनाइट लागतो, तो पाणी घेत नाही. मग दोन्ही खडक जिथं भेटतात त्या रेषेवर पाणी बाहेर पडतं. तिथल्या प्राचीन नबातियन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी तिथून चर खोदून पाणी खाली आणलं होतं. त्या रेषेवर दुरूनही हिरवी झुडपं दिसतात. वाळवंटातल्या वाटाड्याला डोंगर चढता आला नाही तरी एक वेळ चालेल, ही रेषा वाचता आलीच पाहिजे.

पावागढबद्दलही सांगून टाकतो, चंपानेरींनी विषय काढलाच आहे. खाली बेसाल्ट, माथ्याकडे रायोलाइट, दोन वेगळ्या स्वभावाचे लाव्हे एकावर एक. आपली विश्वामित्री नदी तिथूनच निघते. आता तिच्यातल्या मगरींवर घसरायच्या आत थांबतो.

अकाबाहून_परत

सहा वर्षं जॉर्डनमधल्या अकाब्याला होतो, बंदरावर. फॉस्फेटची जहाजं भरायची, त्यातली कित्येक आपल्याच किनाऱ्याला यायची. वादी रम तिथून साठेक किलोमीटर. दर दुसऱ्या शुक्रवारी जायचो. तेव्हा थोडं खरं-खोटं करतो.

अनवाणी पाय, चपला पट्ट्यात, हे म्हाताऱ्यांचं. आता तिथल्या पोरांकडे सगळ्यांसारखेच घट्ट रबरी बूट, हार्नेस, दोर, सगळं आहे, आणि उंटापेक्षा टोयोटाच्या पिकअप जास्त. भाचेबुवांनी म्हातारा शोधून काढला ते छान केलं, पण फिल्म बघून लोकांना वाटेल की सगळं गाव अजून चपला खोचून हिंडतंय. एखादी पिकअप दाखवायला हवी होती. दाखवली असेल तर शब्द मागे.

चढाईचं मूळ मात्र शिकारीत आहे. रानबकरा, तिथं त्याला 'बदन' म्हणतात, कड्यांच्या पट्ट्यांवरून पळतो. त्याच्यामागे ही माणसं गेली आणि वाटा तयार झाल्या. त्या वाटांवर अवघड जागी कुठं दगड रचलेले, कुठं झाडाचा बुंधा आडवा घातलेला. दोर नाही, बोल्ट नाही. त्यातल्या काही वाटा आजच्या प्रस्तरारोह्यांनाही दृष्टिभयानं (खालची खोली बघून वाटणाऱ्या भीतीनं) गार करतात. बायकोला एकदा अशा वाटेच्या तोंडापर्यंत नेलं होतं. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "डब्यात थालीपीठ आहे, ते खाऊन परत जाऊ." माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम वाटाड्या तीच.

बाहेरच्या जगाला या वाटा कळल्या त्या १९८४ नंतर. टोनी हॉवर्ड नावाचा इंग्रज प्रस्तरारोही तीन साथीदारांसह आला. वादी रमचं वेड त्याला लागलं तेही एका सिनेमामुळे, डेव्हिड लीनच्या १९६२च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मुळे. बेदुइनांच्या सोबतीनं त्या लोकांनी वाटा चढल्या, नोंदवल्या, पुस्तक काढलं. तेव्हापासून गावात पर्यटन आलं. २०११मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. २०,००० शिलालेख आणि २५,००० कोरीव चित्रं आहेत तिथं, नुसते डोंगर नाहीत.

चहाचं लिहायचं राहिलं. सेजची पानं घालतात, 'मरमिया'. काळा, गोड, जाळावर उकळलेला. आणि राखेत भाजलेली जाड भाकरी, 'अरबूद'. राख झटकायची, मोडायची, खायची. आपल्या पानग्याची चुलत बहीण. फिल्ममध्ये ती असेल तर मी फक्त त्यासाठी बघेन.

सुरसागरकाठी

@अकाबाहून_परत, भाकरी आहे! पूर्ण चार मिनिटं आहे. आई तेव्हा म्हणाल्या, राख नीट झटकली नाही. आणि पिकअपही आहे, तिचं चाक वाळूत रुततं आणि मनालीवाला फावडं मारतो. बर्फात गाडी काढायचा सराव कामी आला म्हणे.

मंजिरी_रावपुरा

मी गच्चीवर मागच्या रांगेत होते. ५२ मिनिटांत एक बाई नाही. भाकरीसुद्धा पुरुषानंच भाजली, त्याचं कौतुक आहे, पण तरीही.

म्हणून एक नोंद. १९५२ साली शारमियन लाँगस्टाफ आणि सिल्व्हिया ब्रॅनफर्ड या दोन इंग्रज बायका जेबेल रमच्या माथ्यावर गेल्या होत्या. नेणारा वाटाड्या तिथलाच, शेख हमदान. शारमियनचे यजमान टॉम लाँगस्टाफ आपल्या ओळखीचे निघतील. १९०७ साली गढवालमधलं त्रिशूल (७१२० मीटर) पहिल्यांदा चढणाऱ्यांत ते होते. त्यांच्याबरोबर माथ्यावर कोण पोचलं? आल्प्समधले दोन वाटाडे, अलेक्सिस आणि ऑन्री ब्रोशरेल हे भाऊ, आणि करबीर हा गुरखा. चारपैकी तीन जण दुसऱ्याला वर न्यायला आलेले. पण लोक म्हणतात, "लाँगस्टाफनं त्रिशूल सर केलं."

माझा मुद्दा तोच आहे. 'पहिली चढाई' कोणाची? शेख हमदानच्या आधी बकऱ्यामागं धावत वर गेलेल्याचं नाव कोण लिहून ठेवणार?

उतरणाऱ्यांच्या नावाचं एकच ठिकाण मला ठाऊक आहे, रायगडावरचा हिरकणी बुरूज. तिथंही चढाई नाहीच, घरी तान्हं बाळ आहे म्हणून रात्री कडा उतरलेली बाई. दोर नाही, कोणी वाटाड्या नाही. खरं-खोटं इतिहासवाले बघतील, पण नाव उतरण्याला मिळालं, हे मला फार आवडतं.

फिल्मला नाव : 'उतार'.

स्पष्टवक्ता_वाडी

'उतार' म्हटलं की लोकांना ज्वराचा वाटेल. किंवा मासिकाचा खप.

जुना_ग्रंथपाल

मंजिरीताईंनी मुद्दा काढलाय तर दोन गोष्टी. एक वाळवंटातली, एक बर्फातली.

वाळवंटातली आधी. अल्जीरियाच्या दक्षिणेला, ऐन सहारात, होग्गर नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तुआरेग लोकांचा. १९३५ साली तिथं फ्रेंच मोहीम गेली. कॅप्टन रेमों कोश आणि शामोनी या आल्प्समधल्या फ्रेंच गावचा वाटाड्या रोजे फ्रिझों-रोश हे त्यातले मुख्य. हा फ्रिझों-रोश शामोनीत जन्मलेला नव्हता. तिथल्या वाटाड्यांच्या संघात परक्या गावच्या माणसाला घेत नसत, घेतलेला पहिला हाच. मोहिमेत आणखी एक वल्ली होती, पियर ल्यूडेन. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उंच उडीत कांस्यपदक मिळवलेला. उंच उडीवाल्याला सहाराच्या सुळक्यावर न्यायची कल्पना कोणाला सुचली असेल, याचा विचार करून मी अनेकदा एकटाच हसलो आहे. चित्रीकरणासाठी पियर इशाक बरोबर होता. म्हणजे वाळवंटी डोंगरावर वाटाड्यामागं कॅमेरा लावण्याचा उद्योग तुमच्या भाच्याच्या आधी नव्वद वर्षांचा.

त्यांनी चढलेला डोंगर 'गारेत एल जनून', जिनांचा डोंगर. तुआरेग तिकडं फिरकत नसत, वर भुतं राहतात म्हणून. तेव्हा पहिली चढाई कोणाची हा वाद तिथं जिनांशी घालावा लागेल.

आता बर्फातली, ही स्पष्टवक्त्यांसाठी. १८२० साली आल्प्समधल्या मॉं ब्लां या डोंगरावर डॉक्टर हामेल नावाच्या रशियन सेवेतल्या माणसाची तुकडी निघाली. हवा बिघडली. वाटाडे म्हणाले परत फिरू. डॉक्टरांनी हट्ट धरला. हिमप्रपात आला आणि तीन वाटाडे गेले. डॉक्टर वाचले. पुढच्याच वर्षी, १८२१मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ उभा केला, आणि त्यात मेलेल्यांच्या घरच्यांसाठी निधीची सोय केली. तुमच्या फिल्ममधल्या म्हाताऱ्यानं तळवा दाखवला आणि तिघांनी ऐकलं. १८२०मध्ये कोणी ऐकलं असतं तर तीन घरांत चूल पेटली असती.

स्पष्टवक्ता_वाडी

ग्रंथपालसाहेब, हामेलचं मला ठाऊक नव्हतं. तरी फिल्म लांबली आहे. दगड वाजवणं दोनदा चालेल.

रणातलं_मीठ

मी मूळचा इथलाच, गोत्री रोडचा, गेली नऊ वर्षं भुजला. आपल्याकडचं वाळवंट, आपल्याकडचे डोंगर यांवर कोणी बोलेना म्हणून लिहितोय.

काळो डुंगर, कच्छमधला सर्वांत उंच, ४६२ मीटर. हसू नका. खाली पांढरं रण पसरलेलं असतं आणि वर दत्ताचं देऊळ. हो, दत्ताचं. संध्याकाळी पुजारी ओट्यावर गोड भाताचा प्रसाद ठेवतो आणि आवाज देतो, की कोल्हे येऊन खातात. लहानपणी आजोबांनी सांगितलं तेव्हा मला ती त्यांची थाप वाटली होती. पुढे स्वतः पाहिलं.

एकदा त्या भागात पाहुण्यांना घेऊन मी गाडीवाटेपासून लांब गेलो. बरोबर बन्नीतला (तिथल्या गवताळ मुलखातला) एक गुराखी मालधारी होता. दुपारी तो थांबला आणि म्हणाला, इथून पुढं नाही. समोर जमीन सपाट, कडक, पांढरी. मी म्हटलं, काय झालं? त्यानं काठी टोचली. वरचा मिठाचा पापुद्रा फुटला आणि काठी हातभर चिखलात गेली. तुमच्या म्हाताऱ्याचा ओला तळवा आणि ही काठी, मला तर एकच वाटलं. पाहुणे मात्र हिरमुसले, रणातला सूर्यास्त हुकला म्हणून. गाडीत दोन तास कोणी बोललं नाही.

अकाबाहून_परत

रणातलं_मीठ, क्या बात. तुमच्या काठीवरून आठवलं. वाटाड्याला अरबीत काय म्हणतात? दलील.

जुना_ग्रंथपाल

ओहो! वाट दाखवणारा तो दलील, आणि पुरावा तोही दलील. आपला 'दलाल' त्याच धातूतून आलेला, दोघांना एकमेकांपर्यंत पोचवणारा. गुजरातीत तर दलील म्हणजे युक्तिवाद, रोजच्या भांडणातला शब्द. "दलील न कर" हे ऐकल्याशिवाय बडोद्यातलं कुठलं मूल मोठं झालंय?

मंजिरी_रावपुरा

मग नाव मिळालं की! 'दलील'. तो म्हातारा तोंडातून शब्द काढत नाही, ओला तळवा पुढं करतो. तीच त्याची दलील.

चंपानेरी

'दोर' मागे घेतो. जड अंतःकरणानं.

बेसाल्टी

मराठी प्रेक्षकाला लागेल का पण? पुण्याकडे 'दलील' कोणी म्हणत नाही. त्यांना हिंदी वाटेल.

सुरसागरकाठी

पुण्याकडच्यांना बरंच काही हिंदी वाटतं. आपण 'चालेल ना' म्हटलं तरी ते विचारतात, तुम्ही गुजराती का. नाव बडोद्याच्या फिल्मला द्यायचंय.

आमच्या आईंना आत्ताच सांगितलं. त्या म्हणाल्या, नाव ठीक आहे पण लोकांना कोर्टाची फिल्म वाटेल. अबोला धरलेल्या दोघांपैकी एक हसला. दुसरे 'वाळूतला सह्याद्री'वाले, ते अजून पेपर वाचतायत.

दोनदा_दगड

नमस्कार, मीच तो भाचा. मामानं धागा दाखवला. हा आयडी स्पष्टवक्ता काकांच्या सन्मानार्थ घेतला आहे.

सगळ्यांचं वाचलं. बासरी काढली, मामा. ड्रोनचे तीन तुकडे काढले, एक ठेवला, कारण त्याशिवाय माथ्यावरची भानगड कळत नाही. जेबेल रमचा माथा म्हणजे एक घुमट नसून घुमटांचं जंगल आहे, मधे घळी. वर पोचलेले लोक उतरायची वाट चुकतात आणि रात्र वर काढतात. ते वरूनच दाखवावं लागतं.

मंजिरीताई, खरं आहे. थोरल्यांच्या बायकोनं कॅमेऱ्यासमोर यायला नकार दिला, मी आग्रह केला नाही. पण कातळ वाजवायला थोरल्यांना कोणी शिकवलं ते विचारलं तेव्हा त्यांनी आजीचं नाव घेतलं. ती शेळ्या घेऊन घळींमधून वर जायची. ते बोलणं आवाज खराब म्हणून कापलं होतं. शोधतो, आवाज साफ होतो का बघतो.

स्पष्टवक्ता काका, दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी माझं विमान होतं. मनालीवाले दादा अजून चार दिवस थांबले आणि दोघं मेहुण्यांबरोबर वर जाऊन आले. माझ्याकडे फोनवर पाठवलेला एक फोटो आहे, तिघांचे पाय, माथ्यावर, सहाही अनवाणी. फिल्ममध्ये घालायचा मोह झाला होता.

स्पष्टवक्ता_वाडी

घाल की मग!!

दोनदा_दगड

नाही घालणार, काका.

स्पष्टवक्ता_वाडी

बरं. तो फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठव.

सुरसागरकाठी

आजीचं बोलणं सापडलं तर पुन्हा एकदा सगळ्यांना दाखवू, त्याच गच्चीवर. या वेळी अमावास्या बघून. प्रोजेक्टर शेजाऱ्यांनी परत नेलाय, तो कोणाकडे मिळेल का? आणि चादर मोठी लागेल, आमची आता आई वापरू देत नाहीत, तिला चिमटे लावून कोपरे फाटलेत.

चंपानेरी

चादर माझ्याकडे. दोरही आणतो.